ऑनलाइन एमबीएत विषय कुठले घ्यायचे आणि सर कोण बघायचे

गेल्या महिन्यात ओळखीतल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. तिसऱ्या सेमचा इलेक्टिव्हचा, म्हणजे आपण निवडायच्या विषयांचा फॉर्म आलाय, शेवटची तारीख परवा, काय भरू? परवा! म्हणजे ज्या विषयांपायी पुढचं वर्षभर जेवणं उरकून रात्री लॅपटॉप उघडून बसायचंय ते दोन दिवसांत व्हॉट्सअपवर विचारून ठरवायचे. हसू आलं कारण मी पण अगदी हेच केलं होतं, आणि त्यातले दोन विषय अजून मला नावापलीकडे आठवत नाहीत. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

मी कुडाळच्या बाजूला एका काजू कारखान्यात अकाउंट्स बघते, राहायला वेंगुर्ल्याकडच्या गावात, रोज स्कूटीने येऊन जाऊन. बीकॉम झाल्यावर दहा वर्षांनी ऑनलाइन एमबीए केलं, फायनान्स घेऊन. शाळा झेडपीची, मराठी मिडियम, घरात सासू, नवरा आणि तेव्हा तिसरीत असलेला मुलगा. हे सांगायचं कारण एवढंच, की पुण्यामुंबईत ऑफिसातून सहाला सुटून वायफायवर बसणाऱ्या माणसाचं गणित वेगळं आणि आपलं वेगळं, तेव्हा माझं जसंच्या तसं उचलू नका, तुमच्या घराला लावून बघा.

मान्यतेचं आधी उरकते कारण ते पाच मिनिटांचं काम आहे. युजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, डिस्टन्स एज्युकेशन ब्युरो आहे, त्याला सगळे डीईबी म्हणतात, त्यांच्या साइटवर विद्यापीठाचं नाव आहे का बघा, आणि नुसतं विद्यापीठाचं नाही, तुम्ही घेताय तोच प्रोग्राम, ऑनलाइन मोडमध्ये, त्याच वर्षाच्या त्याच सेशनला आहे का हे बघा. २०२०च्या नियमांखाली मान्यता असलेल्या ऑनलाइन डिग्रीला रेग्युलर डिग्रीइतकीच किंमत आहे, हे युजीसीने नंतर स्पष्ट पण केलंय, त्यामुळे "ऑनलाइन म्हणजे खोटं" म्हणणाऱ्या काकांशी भांडत बसू नका. २०२४पासून प्रवेशाला आधी एबीसी (ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी आणि त्यावरून डीईबी आयडी लागतो. तो स्वतः काढा. "मॅडम फक्त ओटीपी सांगा, आम्ही काढून देतो" असं म्हणणारा काउन्सेलर बहुतेक वेळा कमिशनवरचा माणूस असतो, त्याला विषयांबद्दल तर अजिबातच विचारू नका, तो सगळ्यांना बिझनेस ॲनालिटिक्सच घ्यायला सांगतो.

आता मुद्द्याचं. विषय निवडायच्या आधी तास मोजा. इग्नू, म्हणजे दिल्लीचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, १ क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतं, वाचन, व्हिडिओ, असाइनमेंट सगळं त्यात आलं. म्हणजे ४ क्रेडिटचा एक विषय १२० तासांचा. सेमला असे ५ विषय असले की ६०० तास, आणि सेमचे हाताला लागणारे आठवडे धरले २४, तर आठवड्याला झाले २५ तास. आता खरं सांगा, आहेत? माझं मी पहिल्या सेमला वहीत लिहून बघितलं होतं, सोमवार ते शुक्रवार रोज दीड तास आणि रविवारी दुपारी चार, बेरीज साडेअकरा. शनिवार बाजार आणि माहेर, तो धरलाच नाही. आणि हा हिशोबही जिथे कोणी आजारी नाही, कोणाचं लग्न नाही आणि रात्री लाईट आहे अशा आठवड्याचा. लागणार पंचवीस आणि आहेत साडेअकरा.

यातून एक गोष्ट मला तिसऱ्या सेमला कळली जी पहिल्याच दिवशी कळायला हवी होती. पाच विषयांतले दोनच तुम्ही मन लावून शिकणार आहात. उरलेले तीन निभावून न्यायचेत. सगळे हेच करतात, कबूल कोणी करत नाही. प्रश्न एवढाच की ते दोन कुठले हे तुम्ही ठरवता की जसं जमेल तसं आपोआप ठरतं. आपोआप ठरलं तर जे सोपं आहे तेच शिकून होतं आणि ज्यासाठी पैसे भरले ते राहतं. म्हणून फॉर्म भरायच्या आधी कागदावर दोन नावं लिहा, आणि खाली जे काही सांगतेय सर निवडायचं, सिलॅबस बघायचं, ती सगळी मेहनत त्या दोघांवर खर्च करा. उरलेल्या तिघांना फक्त एवढंच बघा की मटेरियल स्वच्छ आहे का आणि असाइनमेंट वेळेत तपासून येते का.

पहिली दोन सेम बहुतेक ठिकाणी निवड नसतेच, सगळ्यांना तेच कोअर विषय. पण ते वर्ष वाया नाही, त्या वर्षात सरांची ओळख करून घ्यायची. मी वहीच्या मागच्या पानावर लिहीत होते, कोणाचं लाइव्ह सेशन वेळेवर सुरू होतं, कोण चॅटमधले प्रश्न वाचतं, कोण स्लाइड वाचून दाखवतं आणि नऊ पंचवीसला "एनी डाउट्स?" म्हणून साडेनऊला बंद करतं. हेच लोक पुढे इलेक्टिव्हला परत भेटतात.

दोन नावं कुठली लिहायची

नावावर जाऊ नका. मी इंटरनॅशनल फायनान्स घेणार होते, का तर नाव भारी, सांगायला बरं वाटतं. दुसरा पर्याय होता वर्किंग कॅपिटल मॅनेजमेंट, म्हणजे खेळतं भांडवल, जो ऐकूनच झोप येते. फॉर्मच्या आदल्या रात्री दोन्हीचे सिलॅबस युनिटप्रमाणे वाचले. इंटरनॅशनलमध्ये बॅलन्स ऑफ पेमेंट्स, करन्सी ऑप्शन्स वगैरे. आणि वर्किंग कॅपिटलमध्ये इन्व्हेंटरी, कॅश क्रेडिट (मालावर बँक देते ते खेळतं कर्ज), ड्रॉइंग पॉवर (त्यातलं किती उचलता येतं ते), म्हणजे मी दर महिन्याला बँकेला जे स्टॉक स्टेटमेंट पाठवते तेच! कारखान्यात आम्ही काजूबी मार्च ते मेमध्येच घेतो, पैसे तेव्हाच मोजायचे, आणि ती बी पुढे वर्षभर फोडत, सोलत, ग्रेडिंग करत विकायची. म्हणजे गोडाऊनमध्ये पोती नसतात, व्याजावर घेतलेले पैसे रचून ठेवलेले असतात. हे मी सात वर्षं करत होते आणि हे कुठे शिकवतात हे मला माहीत नव्हतं. घेतला तोच.

त्या सरांनी पहिली असाइनमेंट परत पाठवली. खाली दोन ओळी, पुस्तकातले आकडे नकोत, तुम्ही काम करता तिथले टाका, नाव बदला हवं तर. पहिल्यांदा रागच आला, रात्री बारापर्यंत बसून लिहिली होती हो. मग मालकांना विचारून खरे आकडे घेतले, ग्रेडप्रमाणे स्टॉक किती दिवस पडून राहतो ते काढलं. अख्खा गर, त्यातही डब्ल्यू-३२०, म्हणजे पाउंडात ३०० ते ३२० बसतात तो, दिवाळीच्या आधीच संपतो. आणि पाकळी नि तुकडा पडून राहतो, आणि आम्ही मात्र सगळ्याचं सरासरी एकच धरून बसलेलो. मालकांना तक्ता दाखवला तर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्या माका म्हायत होता गो, पण कितक्या ता म्हायत नव्हता." त्या वर्षी तुकड्यासाठी मिठाईवाल्यांशी आधीच बोलणी केली. तर अशी दोन नावं शोधा, की ज्याचं काहीतरी सोमवारी कामावर गेल्यावर हाताला लागेल.

तुम्ही लोटेच्या एखाद्या केमिकल कंपनीत स्टोअरला असाल तर ऑपरेशन्स आणि सप्लाय चेन, मालवणात होमस्टे चालवत असाल तर सर्व्हिसेस मार्केटिंग आणि प्रायसिंग, पतसंस्थेत असाल तर क्रेडिट रिस्क. आणि काम बदलायचंच असेल, कोकणातून बाहेर पडायचं असेल, तर मात्र उलटं, जिथे जायचंय तिथल्या दहा नोकऱ्यांच्या जाहिराती उघडा, त्यात काय काय येतं पाहिजे म्हणतात ते लिहून काढा आणि ते ज्या सिलॅबसमध्ये आहे तो विषय घ्या. एचआरबद्दल मी फार बोलत नाही, मला त्यातलं कळत नाही.

ॲनालिटिक्सबद्दल मात्र बोलते कारण सगळे तेच घेतायत. विषय वाईट नाही, उलट चांगलाय. फक्त सिलॅबसमध्ये टूलचं नाव आहे का बघा, एक्सेल, पॉवर बीआय, आर, पायथन, काहीतरी. आणि परीक्षेत किंवा असाइनमेंटमध्ये खरी डेटा फाइल देतात का विचारा. पाच युनिटपैकी चारांची सुरुवात "इंट्रोडक्शन टू" ने होत असेल तर ते ॲनालिटिक्सबद्दलचं वाचन आहे, ॲनालिटिक्स नाही. माझ्या बॅचमधल्या एकाने अख्खा विषय ऐंशी टक्क्यांनी पास केला आणि त्याला एक्सेलमधलं व्हीलुकअपचं सूत्र येत नव्हतं, मीच फोनवर शिकवलं.

सिलॅबसपेक्षाही खरं बोलतात त्या जुन्या प्रश्नपत्रिका. मागच्या दोनतीन वर्षांच्या मिळवा. "महत्त्व स्पष्ट करा", "टीप लिहा" असंच सगळं असेल तर तो निभावून न्यायच्या तिघांत टाका, शेवटच्या पंधरा दिवसांत होतो. केस दिलीय, आकडे दिलेत आणि निर्णय विचारलाय असं असेल तर तो विषय वेळ खाणार, पण देऊन पण जाणार.

क्रम चुकवू नका. अकाउंटिंग कच्चं असताना फायनान्शियल मॅनेजमेंट घेणं, किंवा स्टॅटिस्टिक्स निसटता पास होऊन मार्केटिंग रिसर्च घेणं, हे म्हणजे भात न लावता कापणीला माणसं सांगण्यासारखं आहे. आणि दोन आकडेमोडीचे विषय एकाच सेमला शक्यतो नको. माझं जमलेलं गणित असं होतं, एक आकड्यांचा, एक कामावरच्या अनुभवावर निम्मा सुटणारा, बाकीचे वाचायचे.

आपलं कॅलेंडर वेगळं आहे

हे कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं. सेशन दोन असतात, जानेवारीचं आणि जुलैचं, आणि इग्नूसारख्या ठिकाणी सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरला. आता जानेवारीच्या सेमचं काय होतं बघा. फेब्रुवारी बरा जातो, मग शिमगा, घरात पाहुणे, पालखी. मार्चपासून काजू, मग हापूस, मे महिन्यात चाकरमानी पोरंबाळं घेऊन हजर. म्हणजे अभ्यासाचे महिने नेमके सीझनमध्ये आणि परीक्षा मिरगाच्या तोंडावर, जेव्हा पहिल्या वाऱ्यालाच फांदी तारेवर पडून लाईट जाते. जुलैच्या सेमला पाऊस असतो पण संध्याकाळ मोकळी असते. गणपतीचे दिवस सोडून द्या, त्यात काही होत नाही, गौरीच्या ओवशात लॅपटॉप घेऊन बसलात तर बायका वर्षभर बोलतील. पण बाकी ऑक्टोबर, नोव्हेंबर असे सलग मिळतात.

म्हणून निवड असेल तर जड विषय, ते तुमचे दोन, जुलै ते डिसेंबरमध्ये घ्या. मच्छीमारीच्या धंद्यातलं कोणी असेल तर त्यांचं परत वेगळं, १ जून ते ३१ जुलै बंदी असते तेव्हा होड्या वर आणि हाताला वेळ, त्या दोन महिन्यांत पुढच्या सेमचं रेकॉर्डिंग आधीच बघून ठेवायचं. बँकेत असाल तर मार्चचं सांगायलाच नको. आणि सगळे विषय एका सेमला घेतलेच पाहिजेत असं नाही, इग्नूत एमबीए किमान २ वर्षांचं आहे पण ४ वर्षांपर्यंत पूर्ण करता येतं. लोकांना वाटतं लांबलं म्हणजे नापास झाली. वाटू द्या.

सर नेमके कोण

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. ब्रोशरवर ज्यांचा सूटमधला फोटो असतो ते तुम्हाला शिकवतीलच असं नाही. ऑनलाइन कोर्सला तीन माणसं असतात. एक, ज्यांनी व्हिडिओ रेकॉर्ड केले. दोन, जे शनिवार-रविवारी लाइव्ह घेतात. तीन, जे तुमची असाइनमेंट तपासतात. कधी तिन्ही एकच असतात, ते तुमचं नशीब. बऱ्याचदा तिन्ही वेगळे आणि एकमेकांना ओळखत पण नाहीत, लाइव्हवाल्या मॅडम एका पद्धतीने सांगतात आणि तपासणारा दुसऱ्या पद्धतीने मार्क कापतो. तेव्हा ॲडमिशनच्या माणसाला किंवा प्रोग्राम कोऑर्डिनेटरला मेलवर हेच तीन प्रश्न विचारा, रेकॉर्डिंग कोणाचं, लाइव्ह कोण, तपासणार कोण. फोनवर नको, मेलवर. उत्तर गुळमुळीत आलं तर ते पण उत्तरच आहे.

माझ्या मते तिघांत सगळ्यात महत्त्वाचा तपासणारा. व्हिडिओ वाईट असेल तर तोच विषय एनपीटीईएल या ऑनलाइन लेक्चर्सच्या साइटवर सापडतो, आयआयटी आणि आयआयएस्सीच्या लोकांनी २००३पासून ते काम चालू केलंय, किंवा स्वयम या सरकारी कोर्सच्या साइटवर, ते २०१७पासून आहे, दोन्हीकडे बघायला पैसे पडत नाहीत, फक्त परीक्षा द्यायची असेल तर फी. पण तुम्ही लिहिलेलं वाचून "इथे चुकलंय" म्हणणारा माणूस यूट्यूबवर मिळत नाही.

रेकॉर्डिंग बघायचं असेल तर पहिलं लेक्चर बघूच नका, ते सगळ्यांचं चांगलं असतं, नवीन शर्ट घालून केलेलं. मधलं कुठलंतरी, सातवंआठवं, वीस मिनिटं बघा. उदाहरण हाताने सोडवून दाखवतात का, की उत्तर आधीच स्लाइडवर छापलेलं? मध्ये थांबून "इथे मुलं हमखास चुकतात" असं म्हणतात का? जो माणूस मुलं कुठे चुकतात ते सांगतो त्याने खरंच मुलांचे पेपर तपासलेले असतात.

व्हिडिओ किती जुना आहे ते ओळखायची माझी एक युक्ती आहे. टॅक्सचा उल्लेख येईल तिथे कान टवकारा. जीएसटी १ जुलै २०१७ला आला, अजून व्हॅट आणि एक्साइजची उदाहरणं चालू असतील तर रेकॉर्डिंग त्याच्या आधीचं किंवा नोट्स तरी. बिझनेस लॉला ग्राहक संरक्षण कायदा कुठला सांगतात बघा. आम्हाला एका विषयात १९८६चाच शिकवत होते, २०१९चा नवा कायदा येऊन केव्हाचा झाला तरी. मी फोरमवर विचारलं तर मेंटरचं उत्तर आलं, "प्लीज रेफर स्टडी मटेरियल." स्टडी मटेरियलमध्ये पण १९८६. परीक्षेत काय लिहू? शेवटी दोन्ही लिहिले, मार्क कशाला दिले देव जाणे.

इंग्रजीचा धसका असलेल्यांसाठी. माझा होता. पहिला महिना मी लेक्चर ०.७५ स्पीडवर बघत होते, तसं ऐकलं की सगळे सर झोपेतून उठून बोलल्यासारखे वाटतात. सासू येता जाता ऐकायची, एक दिवस म्हणाली, "तुझो मास्तर रातचो झोपणा नाय काय गो?" दोन महिन्यांनी साध्या स्पीडवर आले. तर भारी उच्चारांच्या सरांपेक्षा जे लिहून दाखवतात, पाटीवर किंवा टॅबवर, ते आपल्यासारख्यांना बरे, ऐकायचं सुटलं तरी डोळ्याला दिसतं. सबटायटल्स आहेत का, स्लाइड डाउनलोड होते का, हे पण बघा. आणि लाइव्हमध्ये "सर, कॅन आय आस्क इन हिंदी?" असं एकदा विचारून बघाच. कोण हो म्हणतं आणि कोण दुर्लक्ष करतं त्यावरून माणूस कळतो.

मोठमोठे पेपर छापलेत म्हणून शिकवायला चांगले असतील असं नाही, आणि वीस वर्षं इंडस्ट्रीत होते म्हणूनही नाही. आम्हाला एक इंडस्ट्रीवाले सर होते, गोष्टी अशा रंगवून सांगायचे की दीड तास कसा गेला कळायचं नाही, आणि वहीत बघितलं तर तारखेखाली काहीच नाही.

सीनियरला काय विचारायचं

"सर कसे आहेत?" विचारलंत तर "मस्त आहेत, मार्क देतात" एवढंच ऐकायला मिळतं. मार्क देतात हे तुमच्या तीन निभावायच्या विषयांसाठी चांगली बातमी आहे, जरूर घ्या ते सर. पण दोन शिकायच्या विषयांना तीच वाईट बातमी असू शकते. तिथे विचारायचं असं: तुझ्या शेवटच्या असाइनमेंटवर सरांनी काय लिहिलं होतं, जरा वाचून दाखव ना. "गुड" लिहिलं असेल तर तपासलेलीच नाही. किती दिवसांनी परत आली? फोरमवर प्रश्न टाकला तर उत्तर कोण देतं, सर की बाकीची मुलं? गेल्या सेमचं काय आठवतंय, एक गोष्ट सांग. या शेवटच्या प्रश्नाला जर समोरचा गप्प झाला तर समजून जा.

सीनियर शोधायचे लिंक्डइनवर, विद्यापीठाचं नाव आणि कोर्सचं नाव टाकून, आणि विद्यापीठाने स्वतः ओळख करून दिलेल्या सीनियरला टाळा. दोघांना तरी विचारा, त्यातला एक नोकरी करून शिकलेला हवा. एकाने शिव्या दिल्या म्हणून सर वाईट ठरत नाहीत, नापास झालेला माणूस कडवटच बोलतो. माझ्या त्या वर्किंग कॅपिटलच्या सरांबद्दल दोघांनी सांगितलं होतं की असाइनमेंट परत पाठवतात, फार त्रास देतात, घेऊ नकोस.

लाईट आणि परीक्षा

विषय निवडताना परीक्षा कशी आहे ते पण त्यातच धरा. काही ठिकाणी घरून वेबकॅमवर, काही ठिकाणी सेंटरला जाऊन. घरून म्हणजे सोय वाटते. जुलैमधल्या एका पेपरला माझी लाईट गेली, इन्व्हर्टर होता म्हणून निर्धास्त होते, लॅपटॉप चालू, दिवा चालू, पण राउटरचा प्लग ज्या बोर्डाला होता तो बोर्ड इन्व्हर्टरवर नव्हता. तीन वर्षं घरात राहून मला माहीत नव्हतं! मोबाइलचा हॉटस्पॉट लावेपर्यंत सॉफ्टवेअरने मला बाहेर काढलं, "मल्टिपल डिस्कनेक्शन्स". विद्यापीठाला मेल केला, त्याचं उत्तर नवव्या दिवशी आलं, आमच्या पॉलिसीप्रमाणे विद्यार्थ्याने स्थिर इंटरनेटची खात्री करावी. वेंगुर्ल्याला जुलैत. पुढच्या वेळी फी भरून परत दिला.

तेव्हापासून मी प्रत्येक विषयाचं मार्कांचं वाटप आधी बघते. बहुतेकांत ३० असाइनमेंटला आणि ७० शेवटच्या परीक्षेला, पण त्या ३० मध्ये काय काय आहे त्यात फरक असतो. आणि पेपर एमसीक्यू, म्हणजे पर्याय निवडायचा असेल तर मध्ये लाईट गेली तरी आधीचं सेव्ह झालेलं असतं, मोठी उत्तरं टाइप करायची असतील तर अर्धं उत्तर जातं, निदान माझं गेलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी मेन स्विच बंद करून बघा घरात काय काय चालू राहतं. शक्य असेल तर कुडाळ, रत्नागिरी, चिपळूण असं जवळच्या शहरात कोणाकडे तरी बसून द्या. २०२१च्या मेमध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्याकडे कितीतरी दिवस लाईट नव्हती, अशा वेळी इन्व्हर्टर तरी काय करणार.

फॉर्म भरल्यावर संपलं असं समजू नका. बऱ्याच ठिकाणी सेम सुरू झाल्यावर थोडे दिवस विषय बदलता येतो, नेमके किती ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. त्या दिवसांत दोन विषयांऐवजी तीन-चार विषयांची मधली एखाददोन लेक्चर्स बघून टाका, थोडी जास्त झोप जाईल. आणि एखाद्या इलेक्टिव्हला मुलं कमी आली तर तो रद्द होतो आणि तुम्हाला न विचारता दुसरा चिकटवतात, म्हणून पर्यायी नाव पण विचार करून भरा, "काहीही" म्हणून नको.

प्रोजेक्टचा गाइड

शेवटच्या सेमला प्रोजेक्ट. तिथे सर निवडणं म्हणजे खरी निवड, कारण एकट्या तुमचं काम एकट्या त्यांच्यासमोर. आधीच्या सेममध्ये ज्यांनी तुमची असाइनमेंट सगळ्यात जास्त लाल केली त्यांना विचारा. मी त्याच सरांना विचारलं. नकार येऊ शकतो, त्यांच्याकडे मुलं भरलेली असतात, म्हणून दोन महिने आधी मेल. मेलमध्ये "सर मला तुमच्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी" वगैरे काही नको, माझं असं होतं: मी अमुक विषयाला तुमच्याकडे होते, काजू कारखान्यात अकाउंट्सला आहे, ग्रेडप्रमाणे स्टॉक आणि कॅश क्रेडिटचं व्याज यावर काम करायचंय, तीन सीझनचे आकडे मालकांच्या परवानगीने मिळतील, तुम्ही घ्याल का? एवढंच. तासाभरात उत्तर आलं, त्यात फक्त एक प्रश्न होता, परवानगी लेखी आहे का?

नव्हती. ती घ्यायला मला तीन आठवडे लागले, कारण मालक सीझनमध्ये सहीसाठी हातात सापडत नाहीत. तेव्हा विषय आपल्याच कामातला घेणार असाल तर ते परवानगीचं पत्र फेब्रुवारीच्या आत सही करून घ्या, मार्च लागला की पुढे जूनशिवाय कोणी तुमच्याशी बोलणार नाही.